अकलूजच्या माळावर टस्कनीची द्राक्षं
इटलीच्या चिंक्वे तेर्रे किनाऱ्यावर कड्याला दगडी ताली रचून द्राक्षं घेतात. इटलीची द्राक्षं बघायला सास्तूरकरांना इतकं लांब जायला नको. नळदुर्ग, सोलापूरमार्गे अकलूज गाठावं. त्या परिसरातल्या ‘फ्राटेली’ वाइनरीमागे भावांच्या तीन जोड्या: इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी, अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन घडवायला टस्कनीचे पिएरो मासी आले. कडा नाही, समुद्र तर नाहीच; पण टस्कनीची सांजोवेसे द्राक्षं इथे पिकतात, हेच बघण्यासारखं. छाटणी मात्र आपलीच: उन्हाळ्यात खरड, पावसाळा सरताना गोडी. त्यामुळे इटलीत सप्टेंबरच्या सुमारास होणारी तोडणी इथे जानेवारी ते मार्चमध्ये येते. तेव्हाच जावं, आधी फोन करून. राज्यात वाइनसाठी वयाची अट 21 वर्षं. परतीची गाडी न पिणाऱ्यानेच चालवावी.