विदर्भाचा सर्वांत भारी खेळाडू कोण?

रामटेकच्या बसस्टँडजवळच्या टपऱ्यांवर हा वाद आज रोज रंगतो. २०१८ च्या आधी तो नव्हताच. तेव्हा वाद सचिन की द्रविड असा, म्हणजे दुसऱ्यांच्या माणसांवरून व्हायचा. आपल्या माणसांवरून भांडायला आधी आपली माणसं जिंकावी लागतात. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय आणि पहिला अंतिम सामना गाठायला त्याला साठ वर्षं लागली. मधल्या काळात अभिमानाने घ्यायचं नाव म्हणजे प्रशांत वैद्य. नागपूरच्या या वेगवान गोलंदाजाने १९९५-९६ च्या सुमारास भारताकडून चार वनडे खेळल्या, पण तोही त्या काळात बंगालकडे गेलेला.

मग उमेश यादव आला. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा. विसाव्या वर्षाच्या आसपास टेनिस बॉल सोडून लेदर बॉल हातात घेतला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी खेळला. विदर्भाचा तो पहिलाच कसोटीपटू. ५७ कसोटींत १७० बळी. ज्यांच्या मते वाद इथेच संपतो, त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही. पण उमेशची उमेदीची वर्षं भारताने वापरली, विदर्भाच्या वाट्याला तो कमीच आला. प्रश्न विदर्भाच्या खेळाडूचा आहे.

खरा धुरळा उडाला तो इंदूरला. दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. एका षटकाच्या शेवटी विकास मिश्रा आणि नवदीप सैनी, पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर १४५ वर खेळणारा ध्रुव शोरी. तिघेही त्रिफळाचीत, पंचाकडे बघायचंही काम नाही. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. विजयी फटका वसीम जाफरचा होता आणि तिथूनच टपरीवरचा कायमचा मुद्दा निघाला: “तो तं मुंबईचा ना बे!”

चाळिशीतल्या जाफरने त्याच मार्चमध्ये जामठ्यावर इराणी करंडकात २८६ धावा केल्या, पुढच्या रणजी हंगामात १,०३७. करंडक पुन्हा आला. तरी त्याचं नाव घेतलं की कोणीतरी ‘पाहुणा’ म्हणतोच. विदर्भातला हा वाद कधीच नुसता खेळाचा नव्हता; त्यात आधी आपला कोण, हे ठरायचं. आपल्यातला म्हणून आदित्य सरवटेला पुढे केलं जाई, आणि हक्काने. २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याने सौराष्ट्राचे ११ गडी टिपले. चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच हाती लागला, १ आणि ०.

मार्च २०२५ मध्ये हे मोजमाप पार मोडलं. जामठ्याच्या त्याच मैदानावर अंतिम सामना, समोर केरळ, आणि केरळकडून ७९ धावा करून विदर्भाला घाम फोडणारा फलंदाज कोण? सरवटे. गुरबानी तोवर महाराष्ट्राकडे गेलेला. आणि ज्याची दांडी गुरबानीने उडवली होती तो ध्रुव शोरी आता विदर्भाकडून खेळत होता. ३ बाद २४ अशा अवस्थेतून संघाला ओढून काढलं नागपूरच्या दानिश मालेवारने (१५३) आणि कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने. दोघांची भागीदारी २१५ धावांची. यातल्या कोणत्या धावा आपल्या आणि कोणत्या पाहुण्याच्या, ते वेगळं करून दाखवा! त्याच हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला विक्रम केला. सध्याची पोरं डोळे मिटून त्याचंच नाव घेतात. एका हंगामापुरतं मलाही मान्य.

(या यादीत बाईचं नाव कधीच येत नाही, हेही नोंदवतो. २०१७ च्या विश्वचषकात लॉर्ड्सपर्यंत पोचलेल्या भारतीय संघात नागपूरची मोना मेश्राम होती.)

जुनी मंडळी फैज फजलपाशी थांबतात. नऊ हजारांवर प्रथम श्रेणी धावा, पहिल्या दोन्ही करंडकांचा कप्तान, आणि भारताकडून मिळालेल्या एकुलत्या एका वनडेत नाबाद ५५. पडत्या काळात सलामीला उभा राहिलेला माणूस. मधली काही वर्षं तोही रेल्वेकडून खेळला, पण परत आला.

माझं मत मात्र अक्षय वाडकरला. टपरीवर त्याचं नाव पहिल्या पाचात येत नाही. विदर्भाने तीनदा रणजी करंडक जिंकला. तिन्ही वेळा यष्टींमागे तोच. इंदूरला १३३, ते त्याचं पहिलंच प्रथम श्रेणी शतक. २०२५ ला कप्तान. पण माझं मत ठरतं ते एका हरलेल्या सामन्यावरून. मार्च २०२४, वानखेडे, मुंबईविरुद्ध ५३८ चं अशक्य लक्ष्य. पाचव्या दिवशी सकाळी त्याने आणि हर्ष दुबेने जेवणापर्यंत एकही गडी जाऊ दिला नाही. वाडकर १०२ वर गेला आणि मगच डाव कोसळला. ज्याला हे पटत नसेल त्याने फैजचं नाव घेऊन यावं. तेवढ्या एकाच नावावर वाद घालायची माझी तयारी आहे.