‘इनॉक्युअस’ म्हणजे काय? उत्तर काजूत आहे



फ्लेवर, रंग किंवा पॅकिंगचं मटेरियल घेताना इंग्रजी माहितीपत्रकात ‘इनॉक्युअस’ हा शब्द दिसला, तर घाबरू नका. त्याचा अर्थ निरुपद्रवी, अपाय न करणारा.

शब्द लॅटिनमधून आलाय. ‘नोसेरे’ म्हणजे इजा करणं आणि आधीचा ‘इन’ म्हणजे नाही. आपल्या ‘निरुपद्रवी’ची बांधणी अगदी तशीच: ‘निर्’ अधिक ‘उपद्रव’. त्याच मुळातून ‘इनोसंट’ म्हणजे निष्पाप, ‘नॉक्शस’ म्हणजे अपायकारक, आणि आपण रोज वापरतो तो ‘न्यूसन्स’सुद्धा!

आता धंद्याचा मुद्दा. अपाय नाही, पण कोणाला?

आपल्या सिंधुदुर्गातला काजू घ्या. पोर्तुगीजांनी 16व्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड. त्याच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी भाजते, फोड येतात. बी फोडणाऱ्या बायकांना विचारा! हेच तेल रंगात आणि गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये वापरतात. आतला गर मात्र आपण लहान मुलांनाही देतो. म्हणजे एकाच बीत ‘नॉक्शस’ आणि ‘इनॉक्युअस’ शेजारी शेजारी. आणि ज्याला काजूची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी तो गरसुद्धा जिवावर बेतू शकतो.

म्हणून ‘पूर्णपणे निरुपद्रवी, कुणीही खावं’ असं पाकिटावर छापू नका. घरगुती आहे, नैसर्गिक आहे, एवढ्यावर ती खात्री देता येत नाही. टरफलातलं तेलही नैसर्गिकच आहे की!

त्याऐवजी आत काय आहे ते लिहा. एफएसएसएआयच्या 2020च्या लेबलिंग नियमांनुसार काजू-बदामासारखा सुकामेवा, शेंगदाणे, मासे, कोळंबी, दूध, अंडी, सोयाबीन, गहू असे ॲलर्जीचे घटक वेगळे नमूद करावे लागतात. सोड्यांची चटणी विकताय? ‘यात कोळंबी आहे’ ही ओळ हवीच. काजू मोदक विकताय? मग ‘यात काजू आहे’ हे नावावरून कळत असलं तरी लिहायचं.

मालवणात आलेला पर्यटक माल घेऊन घरी जातो. तिथे पाकीट कोण फोडणार, ते तुम्हाला माहीत नसतं. शंका आली तर विचारायला तुम्ही समोर नसता, फक्त तुमचं लेबल असतं.

आजचं काम: आपलं एक पाकीट हातात घ्या. कौतुकाचे शब्द किती आणि माहितीचे किती, मोजा. माहिती कमी पडली, तर पुढची छपाई थांबवा आणि आधी ती ओळ टाका.