कर्नाळ्याच्या माथ्यावरून पाच वॅट

हातात मावेल असा पाच वॅटचा रेडिओ-संच घेऊन पनवेलच्या एस.टी. स्थानकाजवळ उभे राहिले, तर १४५ मेगॅहर्ट्झवर आपला आवाज शहराबाहेर जेमतेम पोचतो. तोच संच कर्नाळा किल्ल्यावर नेला, की मुंबईतला दुसरा हौशी रेडिओचालक (यांनाच ‘हॅम’ म्हणतात) सहज उत्तर देऊ शकतो. बॅटरी तीच, शक्तीही तीच. मग बदलले काय?

१४५ मेगॅहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असते. अशा लहरी प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ जातात. पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. वातावरणामुळे त्या किंचित खाली वळतात, म्हणून रेडिओचे क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडे लांब असते. ते काढायचे गणित सोपे आहे: मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. संच जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर ५ कि.मी. कर्नाळ्याची उंची सुमारे ४४० मीटर धरली तर ८६ कि.मी.! दक्षिण मुंबई तिथून सरळ रेषेत तीस-बत्तीस कि.मी. आहे.

नवशिक्याला वाटते, वॅट वाढवले की काम झाले. पण क्षितिजाआड गेलेल्याला वॅट फारसे उपयोगी पडत नाहीत. सुमारे ४०० कि.मी. उंचीवरून फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही हॅम केंद्र आहे. स्थानक डोक्यावरून जाताना त्याचा आवाज हातातल्या साध्या संचावर ऐकू येतो, कारण मध्ये काहीच नसते.

आता पुणे घ्या. कर्नाळ्याहून सरळ अंतर साधारण ८७ कि.मी. आणि पुणे स्वतः ५६० मीटर उंचीवर. सूत्राप्रमाणे बोलणे व्हायला हवे. नकाशा व आलेखकागद घेऊन विद्यार्थ्यांना या रेषेचा उभा छेद काढायला सांगावे. दोन टोके जोडणारी रेषा लोणावळ्यापाशी सुमारे ४८७ मीटर उंचीवरून जाते, आणि लोणावळ्याचे पठारच ६२० मीटर उंच! शिवाय गोलाई आहेच. सह्याद्रीची भिंत आपले गणित हाणून पाडते.

या भिंतीवर दोन उपाय. एक, घाटमाथ्यावर तिसरा हॅम बसवायचा. त्याने दोन्हीकडचे ऐकून निरोप पुढे द्यायचा. दुसरा, ७ मेगॅहर्ट्झवर जायचे. या लहरी वर जाऊन आयनांबरातून परततात व डोंगरापलीकडे उतरतात. त्यासाठी योग्य संच लागतो, आणि वीसेक मीटर तार मध्यभागी बांबूने उचलून दोन बाजूंना उतरती बांधावी लागते.

पहिला उपाय विशेष लक्षात ठेवावा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथवर वाहन जात नव्हते. मदतपथके भर पावसात पायी चढली. अशा वस्तीच्या पाठीशी डोंगर असतो, त्यामुळे त्या दिशेने हातसंचाचा आवाज अडतो. दोन्ही बाजू ‘दिसतील’ अशा उंचवट्यावर एक माणूस बसला तर ही अडचण सुटते. २००१ च्या भूज भूकंपानंतर दूरध्वनी बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनीच कित्येक निरोप पोचवले होते. मात्र असे काम आधीच्या सरावाशिवाय जमत नाही, आणि सरावासाठी रविवारची गडफेरी उत्तम.

प्रक्षेपणाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा असते. तीत प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स व नियम विचारतात. शाळकरी विद्यार्थीही ती देऊ शकतात. परवान्यासोबत ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम मिळते. कर्नाळा पक्षी अभयारण्यात आहे, तेव्हा वनखात्याला आधी विचारावे, झाडांना तारा बांधू नयेत आणि कानाला हेडफोन लावावा. ढग गडगडू लागले की तार लगेच उतरवून खाली यावे. माथ्यावरची उंच तार विजेला आयतीच सापडते.