थाई बोलताना सूर सांभाळा

बँकॉकमध्ये एखादे ठिकाण जवळ आहे की दूर, हे विचारण्याची वेळ पर्यटकावर हमखास येते. थाई भाषेत 'दूर' म्हणजे 'क्लै' आणि 'जवळ' म्हणजेही 'क्लै'! फरक आहे तो केवळ सुराचा. 'दूर' सपाट सुरात उच्चारतात, तर 'जवळ' म्हणताना आवाज वरून खाली उतरतो. कानाने ही गफलत केली, तर भर उन्हात तंगडतोड ठरलेलीच.

थाई भाषेत सपाट, खालचा, उतरता, उंच आणि चढता असे पाच सूर आहेत. 'मा' हा शब्द सपाट सुरात 'येणे', उंच सुरात 'घोडा' आणि चढत्या सुरात 'कुत्रा' असा अर्थ देतो. मराठीतही 'हो' या शब्दातून होकार, शंका किंवा कंटाळा व्यक्त होतो. पण शब्द तोच राहतो. थाईमध्ये मात्र सूर हा शब्दाचाच अवयव आहे.

मराठी भाषकाची पहिली चूक येथेच होते. प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज चढवण्याची सवय 'येणे'चा 'कुत्रा' करून टाकते. वास्तविक त्याची गरजच नसते. मराठीतील 'का'प्रमाणे थाईतही वाक्याच्या शेवटी 'मै' लावले की प्रश्न तयार होतो. 'पै' म्हणजे जाणे, 'पै मै?' म्हणजे 'जायचे का?' नकारासाठी उतरत्या सुरातील 'मै' क्रियापदाआधी येतो. 'मै पै' म्हणजे 'जायचे नाही'.

बाकी वाट तुलनेने सोपी आहे. काळ, लिंग वा वचनानुसार क्रियापद बदलत नाही. इंग्रजी भाषकांना जड जाणारा क-ख, त-थ हा भेद मराठी माणसाला उपजत येतो. अनेक शब्द तर संस्कृतातूनच गेलेले आहेत. भाषेला 'फासा' आणि नगराला 'नखोन' म्हणतात, तर 'आहार'चा 'आहान' होतो. कारण शब्दाच्या अखेरीस 'र' आला की थाई उच्चारात त्याचा 'न' होतो. 'सवात्दी' या अभिवादनाचे मूळ 'स्वस्ति'मध्ये आहे. त्यापुढे बोलणारा पुरुष 'ख्रप' आणि स्त्री आखूड 'खा' जोडते. 'मी जातो', 'मी जाते' असे म्हणणाऱ्यांना बोलणाऱ्यानुसार होणारा हा बदल नवा वाटू नये.

शाकाहारी मंडळींनी 'मांगसाविरात' हा शब्द अवश्य लक्षात ठेवावा. हे 'मांसविरति'चेच थाई रूप होय. मात्र तेथील भाज्यांतही माशाचा रस, म्हणजे 'नम प्ला', सर्रास घालतात. म्हणून 'मै सै नम प्ला', म्हणजे 'माशाचा रस घालू नका', हे वाक्य पाठ असलेले बरे. यातील चार शब्दांचे सूर अनुक्रमे उतरता, खालचा, उंच आणि सपाट असे आहेत. पाचपैकी चार सुरांचा सराव या एकाच वाक्यात होतो.

हे सूर देवनागरीत लिहून घेतलेल्या शब्दांतून कळत नाहीत. त्यामुळे आरंभी वहीपेक्षा कानावर भिस्त ठेवावी. थाई माणसाचे बोलणे ऐकावे, त्याचा सूर आधी नुसता गुणगुणावा आणि मगच शब्द उच्चारावा. दहाच शब्द आले तरी चालतील. पण ते सुरासकट यावेत.