ओढा नकाशात आहे, जागेवर नाही

नाशिकच्या आसपास शेतजमीन एनए (बिगरशेती) झाली की जेसीबी आलाच म्हणून समजा. ‘आधी जमीन साफ करून घेऊ’ हे प्लॉटिंगवाल्यांचं पहिलं वाक्य. साफ होतात ते बांध, झाडं आणि वरची माती. आपल्याकडे माती आणि मुरमाखाली काळा बसाल्ट असतो. पाणी मुरतं ते या वरच्या थरांतून आणि खडकातल्या भेगांतून. माती खरवडली, भरावावर रोलर फिरवला, की मुरण्याची वाटच बंद होते. खरं तर वरची माती एका कडेला ढीग करून ठेवायची आणि बागेसाठी परत वापरायची. रस्तेही उतार बघून आखायचे.

‘नाल्याचं काय, पाइप टाकून बुजवू’ हा त्याहून महागात पडणारा गैरसमज. सराफ बाजारात जाऊन पाहा. पूर्वी उघडा वाहणारा सरस्वती नाला आता जुन्या शहराच्या पोटातून बंदिस्त वाहतो, आणि जोराची सर आली की सराफ बाजार, दहीपूल भागात दुकानांत पाणी शिरतं. पाइप टाकताना त्याचा व्यास एकदाच ठरतो, वरच्या अंगाची वस्ती मात्र वाढत जाते. हिशेब सोपा आहे: हजार चौरस मीटरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५० हजार लिटर पाणी. मोकळ्या मातीत त्यातलं बरंचसं जिरतं, उरलेलं रेंगाळत जातं. काँक्रीटवरून जवळपास सगळं पाणी काही मिनिटांत नाल्यात. म्हणून ओढा लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये उघडाच ठेवावा, काठाला करंज-उंबर लावावेत.

‘निळ्या पूररेषेबाहेर आहे, मग बिनधास्त!’ निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००८, २०१६ आणि २०१९ चे गोदेचे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. शिवाय या रेषा नदीच्या; तुमच्या गल्लीत तुंबणारं पाणी त्यात दिसत नाही.

‘पेव्हर ब्लॉकच्या फटींतून पाणी मुरतंच’ असंही म्हणतात; पण खाली काँक्रीटचा थर असेल, तर वरच्या फटी निव्वळ शोभेच्या.

पर्जन्यजल पुनर्भरण ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना सक्तीचं आहे, त्यामुळे ‘बोअरमध्ये पाइप सोडला, झालं काम’ असं मानलं जातं. पण बोअरला भेग लागलेली नसेल तर बसाल्ट पाणी घेत नाही, आणि गाळणीशिवाय सोडलेलं पाणी लागलेली भेगही गाळाने बुजवतं. पुष्कळ ठिकाणी मुरमातला शोषखड्डा जास्त कामाचा.

‘हे सगळं श्रीमंतांचे चोचले’ असंही ऐकू येतं. उलट खोदाई-भराव कमी म्हणजे डिझेल आणि डंपरच्या खेपा कमी. खरी अडचण वेगळी आहे. ओढा राखला की विकायला एखाद-दोन प्लॉट कमी पडतात, आणि ते कुणी उघड बोलत नाही.

प्लॉट दाखवतात तो बहुधा उन्हाळ्यात. टोकन देण्याआधी ऑगस्टमधल्या मोठ्या सरीनंतर एकदा जाऊन या, आणि गावनकाशा सोबत न्या. नकाशात ओढ्याची रेघ असेल नि जागेवर ओढा नसेल, तर तो कोणत्या प्लॉटखाली गेला ते तिथेच विचारा.