कंपन्यांची वाढ आणि ‘विलीनीकरणा’ची भाषा



वृत्तपत्राचे अर्थविषयक पान मराठीचा विद्यार्थी सहसा उघडत नाही. ते वाणिज्य शाखेचे क्षेत्र आहे, अशी आपली समजूत असते. या घटकापुरती ती बाजूला ठेवावी. एक कंपनी दुसरीला विकत घेते किंवा आपल्यात सामावून घेते, तेव्हा त्या व्यवहाराची बातमी कोणत्या नामाने, कोणत्या प्रयोगात आणि कोणत्या विभक्तीत सांगितली जाते, यावर वाचकाला काय कळते आणि काय कळत नाही हे बऱ्याच अंशी ठरते. ते समजण्यासाठी प्रथम व्यवहार समजून घेतला पाहिजे.

उद्योजकाला कंपनी वाढवायची असेल, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. नवा कारखाना उभारावा, नवी बाजारपेठ मिळवावी, माणसे घडवावीत, ही पहिली वाट. तिला वर्षे लागतात. दुसऱ्या वाटेत हे सारे आधीच असलेली कंपनी घ्यायची. येथे वेळ विकत मिळतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. ती रोख पैशाने मोजता येते, स्वतःचे समभाग देऊन मोजता येते किंवा कर्ज काढून मोजता येते.

मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा समूहाची तीन उदाहरणे पाहू. २००० मध्ये टाटा टीने ‘टेटली’ ही इंग्लंडमधील चहाची कंपनी २७ कोटी १० लाख पौंडांना घेतली. टेटली आकाराने टाटा टीपेक्षा कितीतरी मोठी होती. टाटांकडे मळे होते. टेटलीकडे १८३७ पासून चालत आलेले नाव आणि परदेशी ग्राहक होते. किमतीचा मोठा भाग कर्जाने उभा केला गेला. लहान माशाने मोठा मासा गिळावा, असा हा प्रकार होता.

दुसरे उदाहरण कोरसचे. ‘ब्रिटिश स्टील’ आणि नेदरलँड्समधील ‘होखोव्हेन्स’ यांच्या एकत्रीकरणातून १९९९ मध्ये ही पोलाद कंपनी निर्माण झाली होती. तिची उत्पादनक्षमता टाटा स्टीलच्या तिपटीहून अधिक होती. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटा स्टीलने प्रत्येक समभागामागे ४५५ पेन्स देऊ केले. ब्राझीलची ‘सीएसएन’ ही कंपनी स्पर्धेत उतरली आणि बोली चढत गेली. अखेर जानेवारी २००७ च्या शेवटी रीतसर लिलाव झाला. सीएसएन ६०३ पेन्सवर थांबली. टाटांची बोली ६०८ पेन्सची होती. पहिल्या प्रस्तावाच्या तुलनेत ही वाढ सुमारे एक तृतीयांश होते. एकूण रक्कम सहा अब्ज पौंडांच्या पुढे गेली. लिलावात जिंकणारा बहुधा इतर सर्वांना जी किंमत जास्त वाटली तीच मोजत असतो. ही गोष्ट गावच्या बाजारात बैल घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली आणि युरोपातील पोलादाची मागणी घसरली. कर्ज मात्र घसरले नाही. २०१६ मध्ये ब्रिटनमधील व्यवसायाचा एक विभाग एक पौंड या नाममात्र किमतीला विकण्यात आला. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील शेवटची झोतभट्टी बंद झाली. तिच्या जागी विजेवर चालणारी भट्टी उभारण्याची योजना आहे. पण त्या गावातील दोन हजारांहून अधिक नोकऱ्यांवर या बदलाने गदा आली.

याच समूहाने जून २००८ मध्ये ‘जग्वार’ आणि ‘लँड रोव्हर’ या मोटारींच्या नाममुद्रा फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना घेतल्या. या दोहोंसाठी फोर्डने पूर्वी जेवढे मोजले होते, त्याच्या निम्म्याहूनही ही रक्कम कमी होती. मंदीचा तडाखा याही खरेदीला बसला, तरी पुढे टाटा मोटर्सच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिथूनच येऊ लागला. नेतृत्व एकच, काळही जवळजवळ तोच. माझ्या मते फरक मुख्यतः किमतीत आणि त्या त्या धंद्याच्या प्रकृतीत होता. नेत्याच्या दूरदृष्टीची वर्णने व्यवहार फळल्यावर लिहिली जातात, हे अशा लेखनाच्या वाचकाने ध्यानात ठेवावे.

आता भाषेकडे वळू. या व्यवहारांसाठी मराठीत ‘विलीनीकरण’, ‘संपादन’, ‘अधिग्रहण’, ‘ताबा’ असे शब्द रूढ आहेत. ‘संपादन’ हा शब्द यश संपादन करणे आणि ग्रंथाचे संपादन करणे या दोन्ही अर्थांनी आपल्या परिचयाचा आहे. पण ‘भूसंपादन’ म्हटले, की शेतकऱ्याच्या मनात सक्तीची छटा उमटते. कंपनीच्या पत्रकाला यातील पहिलाच अर्थ हवा असतो. ‘ताबा’ हा शब्द रोखठोक आहे. म्हणूनच विकत घेणारी कंपनी तो स्वतःविषयी सहसा वापरत नाही.

‘विलीनीकरणा’चा इतिहास अधिक रंजक आहे. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गोव्यात जानेवारी १९६७ चा जनमत कौल याच शब्दाभोवती लढला गेला आणि तेथील मतदारांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. २०२१ च्या संपात एसटी कर्मचाऱ्यांनी महामंडळाच्या शासनातील विलीनीकरणाची मागणी केली. म्हणजे तेथे विलीन होण्यात सुरक्षितता दिसत होती. मृत्यूच्या बातमीत आपण ‘अनंतात विलीन’ असेही लिहितो. या सर्व वाक्यांत एक गोष्ट समान आहे. जो विलीन होतो, त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपते आणि तो कोणात विलीन झाला हे सप्तमीचा ‘त’ प्रत्यय सांगतो.

हा ‘त’ अर्थविषयक बातमीत अनेकदा गाळला जातो. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘बँक ऑफ बडोदा, विजया बँक आणि देना बँक यांचे विलीनीकरण’ जाहीर झाले. ‘यांचे’ या षष्ठीमुळे तिघी समान पातळीवर आल्याचा भास होतो. प्रत्यक्षात १ एप्रिल २०१९ रोजी विजया आणि देना या दोन बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. नाव तिचेच राहिले. कायद्याला असा भास चालत नाही. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम २३० ते २३२ नुसार होणाऱ्या योजनेत हस्तांतर करणारी कंपनी कोणती आणि ते स्वीकारणारी कोणती, हे स्पष्ट लिहावे लागते. योजनेला मूल्याने तीन चतुर्थांश मतांची संमती आणि कंपनी विधी न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत कोणी २५ टक्के मताधिकाराची मर्यादा गाठली, तर त्याला उरलेल्या भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के समभाग घेण्याचा खुला प्रस्ताव द्यावा लागतो, असा सेबीचा नियम आहे. लहान भागधारकाला बाहेर पडण्याची संधी मिळावी, हा त्यामागील हेतू आहे.

‘त’ कोठे लागतो, याचा अंदाज नात्यावरूनही बांधता येत नाही. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी लिमिटेड ही १९७७ मध्ये स्थापन झालेली गृहकर्ज संस्था, तिनेच स्थापन केलेल्या एचडीएफसी बँकेत विलीन झाली. येथे आईच लेकीच्या घरात सामावली. रोख रक्कम द्यावी लागली नाही. संस्थेच्या २५ समभागांमागे बँकेचे ४२ समभाग देण्यात आले.

दक्षिण महाराष्ट्रातील वाचकांना दोन जवळची उदाहरणे आठवतील. २००६ मध्ये साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआय बँकेत आणि २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. पहिलीच्या व्यवहारांवर विलीनीकरणापूर्वी स्थगिती आली होती, त्यामुळे ठेवीदारांना सुटकेचा निःश्वास टाकता आला, हे मान्य केले पाहिजे. तरी जिल्ह्याच्या गावी घेतले जाणारे निर्णय मुंबईला गेले, ही वस्तुस्थिती ‘विलीन झाली’ या अकर्मक क्रियापदाने झाकली जाते. या क्रियापदात विलीन करणारा कर्ता नसतो. उलट ‘टाटा स्टीलने कोरस विकत घेतली’ या कर्मणी प्रयोगात ‘ने’ हा तृतीयेचा प्रत्यय कर्त्याला समोर उभा करतो. त्याच तृतीयेचा करणार्थ, म्हणजे ‘कशाने’, हे मात्र याही वाक्यात आलेले नाही. कर्जाने की समभागांनी, आणि ते कर्ज कोणाच्या उत्पन्नातून फेडायचे, हे कोरसच्या कामगारांसाठी सर्वांत महत्त्वाचे प्रश्न होते.

स्वाध्याय : पुढील दोन आठवड्यांतील मराठी वृत्तपत्रांमधून विलीनीकरणाच्या किंवा खरेदीच्या पाच बातम्या निवडा. प्रत्येक बातमीसाठी ‘कोणाने’, ‘कोणाला’, ‘कोणात’ आणि ‘कशाने’ असे चार रकाने आखून बातमीतील मूळ शब्द त्यांत लिहा. जो रकाना बातमीवरून भरता येणार नाही, तो अंदाजाने भरू नका. रिकामा ठेवा आणि अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात घेऊन या.