छोट्या इंजिनावरचे मोठे आक्षेप

ब्रिटनमध्ये नवे वर्ष उजाडले की मॉडेल रेल्वेच्या हौशी मंडळींना हॉर्नबी कंपनीच्या नव्या यादीचे वेध लागतात. वाफेच्या एखाद्या इंजिनाचे नवे मॉडेल जाहीर होते आणि पहिला आनंद ओसरायच्या आत आक्षेप सुरू होतात. धुराड्याची कड जाड दिसते, निळा रंग जरा गडद आहे, कोळसा-पाण्याचा हा डबा (टेंडर) त्या वर्षीचा नाही, किंमत भलतीच आहे आणि मुळात हेच इंजिन पुन्हा कशाला, असे प्रश्न येऊ लागतात. ज्याला या छंदाचा गंध नाही त्याला हे नाकाने कांदे सोलणे वाटेल. दीड वीत लांबीच्या प्लास्टिकच्या वस्तूसाठी जाणत्या माणसांनी एवढा जीव काय टाकायचा! पण या कुरकुरीतला बराच भाग खुसपटांचा नसतो. मूळ यंत्र भंगारात गेल्यावर किंवा ओळखू न येण्याइतके बदलल्यावर त्याचे रूप कसे होते याची सार्वजनिक उलटतपासणी करणारे फारसे कोणी उरत नाही. ते काम हे संग्राहक करतात, आणि मॉडेलची घोषणा हा त्यासाठीचा सर्वात योग्य क्षण असतो.

हाच क्षण का, हे मॉडेल बनवण्याच्या रीतीवरून कळते. आधी जुने आराखडे आणि छायाचित्रे जमवली जातात, शक्य असेल तर शिल्लक इंजिनाची मोजमापे घेतली जातात. त्यावरून संगणकावर रेखाटन होते, मग पोलादी साचे कापले जातात. साच्यातून निघालेले पहिले नमुने तपासायचे, रंगकामाचे नमुने बघायचे आणि मग उत्पादन सुरू करायचे, असा क्रम असतो. रेखाटन कागदावर किंवा पडद्यावर आहे तोवर चूक सुधारायला थोडा वेळ पुरतो. साचा कापून झाला की तीच दुरुस्ती महाग पडते, आणि साचा पुढे अनेक वर्षे वापरायचा असल्याने राहिलेली चूकही तेवढीच वर्षे राहते. ब्रिटनमधल्या लोकप्रिय ओओ मापाच्या नव्या, बारकाईने केलेल्या वाफेच्या इंजिनाला आज २०० पौंडांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पैसे पडतात. एवढी रक्कम मोजणाऱ्याने आधीच तोंड उघडले, तर त्याला आततायी म्हणता येणार नाही.

एक उदाहरण बघू. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता नायजेल ग्रेस्ली यांनी एडिंबरा ते ॲबर्डीन या चढउतारांच्या मार्गासाठी १९३४ साली पी-२ वर्गाचे पहिले इंजिन काढले. त्याचे नाव ‘कॉक ओ’ द नॉर्थ’, क्रमांक २००१, आणि त्याला आठ चालक चाके होती. १९३८ मध्ये त्याची दर्शनी बाजू बदलून ती ग्रेस्लींच्याच ए-४ वर्गासारखी घसरत्या नाकाची केली गेली. ग्रेस्ली १९४१ मध्ये वारले. त्यांच्यानंतर आलेल्या एडवर्ड थॉम्प्सन यांनी १९४४ पर्यंत या वर्गाची सहाही इंजिने पार बदलून सहा चालक चाकांची केली. त्यामुळे मूळ रूपातले एकही पी-२ आज जगात नाही. त्याच आराखड्यावरून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ नावाचे नवे इंजिन डार्लिंग्टनला बांधले जात आहे, पण १९३४ ते १९३८ या चार वर्षांतला ‘कॉक ओ’ द नॉर्थ’चा चेहरा फक्त आराखड्यांत, छायाचित्रांत आणि मॉडेलमध्ये उरला आहे. त्यातही आराखडा आणि छायाचित्र बघायला जाणारे मोजकेच. बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे पी-२ म्हणून जे उभे राहते ते मॉडेलच. ते चुकले तर चूकच हळूहळू खरी ठरते.

हे इंजिन हॉर्नबीने २०१२-१३च्या सुमारास हाती घेतले, तेव्हा कंपनीने ‘डिझाइन क्लेव्हर’ नावाचे धोरण स्वीकारले होते. सुटे भाग कमी करायचे, हाताची जुळणी वाचवायची आणि किंमत आटोक्यात ठेवायची, हा त्यामागचा हेतू. कारखाने चीनमध्ये होते आणि तिथली मजुरी वाढत होती, म्हणून हेतू गैर नव्हता. संग्राहकांचा राग मुख्यतः एका बाबीवर होता. बॉयलरच्या अंगाने जाणारा, हाताने धरायचा दांडा तारेचा न लावता तो प्लास्टिकच्या अंगातच ओतायचा, असा पर्याय या धोरणात होता. खऱ्या इंजिनावर हा दांडा साधारण सव्वा इंच जाडीचा, म्हणजे एका फुटाला ४ मिलिमीटर या ओओ मापात सुमारे ०.४ मिलिमीटर. तो अंगापासून सुटा असतो, त्याच्यामागे बॉयलरची गोलाई दिसते आणि अंगावर त्याची सावली पडते. ओतीव दांडा अंगाला चिकटलेला राहतो आणि रंग दिल्यावर वेल्डिंगच्या वळासारखा दिसतो. टीका जोरात झाली आणि हॉर्नबीने थोड्याच काळात या धोरणातून माघार घेतली. नंतरच्या महागड्या मॉडेलवर दांडे पुन्हा सुटे आले. ज्यांना लोक चिकित्सखोर म्हणत होते, त्यांचे म्हणणे उत्पादकाने आपल्या व्यवहारातूनच मान्य केले.

खरा वाद बहुधा ‘बरोबर की चूक’ असा नसतोच, तो ‘कोणत्या वर्षाचे’ असा असतो. ए-४ वर्गातल्या ‘मॅलार्ड’ने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही अबाधित आहे. त्या दिवशी त्याचा क्रमांक ४४६८ होता आणि चाकांवर पत्र्याची झालर होती. युद्धकाळात देखभाल सोपी व्हावी म्हणून ए-४ इंजिनांची ती झालर काढली गेली. १९४६ मध्ये क्रमांक २२ झाला, राष्ट्रीयीकरणानंतर ६००२२. विक्रमाची आठवण सांगणाऱ्या पाट्या १९४८ मध्ये बसल्या. १९६३ मध्ये सेवेतून काढल्यावर त्याला १९३८चे रूप परत दिले गेले, पण पाट्या राहिल्या. म्हणजे यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आज उभे असलेले ‘मॅलार्ड’ विक्रमाच्या दिवशीच्या ‘मॅलार्ड’सारखे तंतोतंत नाही. खोक्यावर १९३८ छापून इंजिनावर पाटी लावली, तर संग्राहकाने हरकत घेणे योग्यच आहे. खोक्यावर ‘जतन केलेले रूप’ असे लिहिले तर तीच पाटी बिनचूक ठरते. आक्षेप असतो तो वस्तू आणि तिच्याबद्दलचा दावा यांच्यातल्या फरकावर.

आता सर्वात अडचणीचा प्रतिवाद. ओओ मापात इंजिन १:७६.२ प्रमाणात असते, पण रूळ १६.५ मिलिमीटरचे. १४३५ मिलिमीटरच्या खऱ्या गेजसाठी या प्रमाणात १८.८३ मिलिमीटर हवेत. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान, त्यांत त्या काळची मोटर मावेना, म्हणून अंग थोडे मोठे केले आणि रूळ तेच ठेवले. दांड्याच्या जाडीवरून भांडणारा माणूस आपली गाडी सुमारे २.३ मिलिमीटर अरुंद रुळांवर हौसेने पळवतो, हा दुटप्पीपणा नाही का? मला तसे वाटत नाही. ही तडजोड सर्वांना ठाऊक असलेली, उघडपणे पत्करलेली आहे आणि ज्याला ती नको असेल त्याला अचूक रुळांची वाट मोकळी आहे. नकळत घुसलेली चूक मात्र खरेपणाच्या नावाखाली विकली जाते. शिवाय या तडजोडीबद्दल लोक गप्प बसलेलेही नाहीत. २०२२ मध्ये हॉर्नबीने टीटी:१२० हे १:१२० प्रमाण आणि १२ मिलिमीटर रूळ असलेले नवे माप जाहीर केले. त्यात गेज जवळजवळ अचूक बसते. अनेकांनी याच कारणासाठी त्याचे स्वागत केले, तर आयुष्यभराचा ओओ संग्रह बाळगणाऱ्यांनी पाठ फिरवली. दोघांनीही आपापला हिशेब नीट केला होता.

दुसरा प्रतिवाद पैशांचा. असे बारकावे मागत राहिले तर किंमत चढते आणि मुले या छंदापासून तुटतात. यात तथ्य आहे. फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये पहिल्या गाड्या विकायला काढल्या त्या मुलांसाठीच. पण त्याला उपाय आहे, तो म्हणजे साधी मॉडेल साधी म्हणून आणि साध्या किमतीला विकणे. हॉर्नबीची ‘रेलरोड’ मालिका तेच करते, आणि तिच्यातल्या ओतीव दांड्यावर फारसे कोणी रागावत नाही. राग येतो तो पूर्ण किंमत घेऊन अर्धे काम दिल्यावर. अर्थात सगळ्याच तक्रारी एका तागडीत तोलता येत नाहीत. ‘माझ्या आवडीचे इंजिन का नाही’ ही इच्छा झाली, तो आक्षेप नव्हे. घोषणेचे एकच धूसर चित्र बघून दिलेला निकालही तेवढाच कच्चा. तारीख असलेले छायाचित्र किंवा मूळ आराखडा पुढे ठेवणाऱ्याचे म्हणणे मात्र उत्पादकाने लिहून घ्यावे.

अशा तक्रारीची किंमत भारतात अधिक कळावी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी ओढणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांपैकी आज आपल्याकडे एकही नाही. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, त्यामुळे बाजारातले तयार रूळ भारतीय गाडीला कोणत्याच प्रचलित मापात नीट बसत नाहीत. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, हौशी लोकही आहेत, पण वाफेच्या भारतीय इंजिनांची तयार मॉडेल मुबलक मिळावीत एवढी बाजारपेठ इथे उभी राहिलेली नाही. उद्या कोणी ‘सिंध’चे मॉडेल जाहीर केले, तर धुराड्याची उंची चुकली हे पुराव्यानिशी सांगणारे किती जण निघतील? ब्रिटनमध्ये असे लोक हजर असतात, कारण तिथे पिढ्यानपिढ्या कोणीतरी दांड्याच्या जाडीवरून भांडत आले आहे. आपल्याकडे असे भांडणारे तयार व्हायचे असतील, तर जुने आराखडे आणि तारखेसह छायाचित्रे आधी सर्वांना बघायला खुली व्हायला हवीत.